चूलबंद आवतन

माझ्या लेकीचं, प्रज्ञाचं लग्न बारा दिवसांवर आलं होतं. शाळेच्या स्टाफरूममध्ये बसून केटरिंगवाल्याशी जिलेबीवरून हुज्जत घातली, फोन ठेवला, तेवढ्यात केदारखेड्याहून शेजाऱ्यांचा फोन आला. भाऊजी गेले. भोकरदनच्या स्टँडवर चहा पिता पिता छातीत कळ आली आणि... संपलं. खांद्याला पत्रिकांची पिशवी तशीच होती म्हणे. खरं सांगते, मला आधी दुःख झालं नाही, आधी राग आला. बारा दिवस थांबायला काय झालं होतं या माणसाला? रडू नंतर आलं, बसमध्ये, अर्धी वाट सरल्यावर.

भाऊजी म्हणजे माझे थोरले दीर, नामदेवराव, एस.टी.चे रिटायर ड्रायव्हर. प्रज्ञा सहावीत असताना माझे यजमान गेले. त्यांच्या आजारपणाचं कर्ज मी नवीन जालन्यात शिकवण्या घेऊन फेडलं, आणि ते फेडताना पोरीनं मला पाहिलं होतं. म्हणून लग्न ठरलं त्याच दिवशी आम्ही मायलेकींनी एक गोष्ट पक्की केली, की लग्नासाठी कर्ज काढायचं नाही. विहाराशेजारचा छोटा हॉल, पांढरी साडी, त्रिशरण-पंचशील, साधं जेवण आणि दोनशे माणसं. दोनशे म्हणजे दोनशे. पण भाऊजींना आणि जाऊबाईंना मूलबाळ नाही, दोन घरांत मिळून प्रज्ञा एकच पोर. त्यामुळं या लग्नात त्यांचा शब्द चालणार हे भाऊजींनी स्वतःच ठरवून टाकलं होतं.

पत्रिका मी साठच छापल्या, बाकीच्यांना मोबाइलवर. भाऊजींनी पत्रिका उलटीपालटी करून पाहिली. ‘बाई, मोबाइलवर आवतन देतेत का? मोबाइलवर तं लाइटबिल बी येतं.’ मग केदारखेड्याचं काम त्यांनी आपल्याकडं घेतलं. मी बारा पत्रिका मोजून दिल्या आणि बजावलं, एका घरातून दोघंच. ‘बराबर,’ ते म्हणाले. ते इतक्या लवकर बराबर म्हणाले तेव्हाच मी सावध व्हायला पाहिजे होतं.

आमच्याकडं आवतन दोन तऱ्हेचं. एकट्यादुकट्याला बोलवायचं तर नाव घेऊन सांगायचं. अख्ख्या घराला बोलवायचं तर चूलबंद, म्हणजे त्या दिवशी तुमच्या घरी चूल पेटवायची नाही. लहानथोर, आलेगेले, सगळे आमच्याकडं जेवायला. आणि असं आवतन घेतलेलं घर खरोखर चूल पेटवत नाही, ती शब्दाची गोष्ट असते. भाऊजी दारोदार हेच आवतन देत सुटले होते. मला कळलं ते बाजारात. एका अनोळखी बाईनं माझा हात धरला आणि कौतुकानं म्हणाली, ‘आमी सात जण येऊन राह्यलो बरं का.’

मी तशीच केदारखेड्याला गेले. ‘भाऊजी, किती घरं झाली?’

‘म्या कुठं मोजले, बाई.’

‘यादी तरी?’

‘यादी कायची? तोंडावर सांगितलं.’

माझं डोकंच सणकलं. खर्च कोण करणार, ताटं कुठून आणायची, विचारलं. ते खाटेवर बसून शांतपणे ऐकत होते, त्याचाच जास्त संताप येत होता. मग म्हणाले, ‘गाडीचं मी पाहतो, ताटाचं बी पाहू. पोरीला बाप न्हाई, बाई. नवऱ्याकडचे लोक भरून येतेल आन् आपली बाजू उघडी दिसली तं? मंग गाव तरी उभं राहू द्या तिच्या मागं.’ मी म्हणाले, ‘गाव जेवून जाईल, हप्ते मी भरत बसेन.’ आणि निघून आले. आमचं शेवटचं बोलणं ते हेच.

ते गेल्यावर सगळ्यांनीच मला सोपी वाट दाखवली. घरात दुःख आहे, आटोपशीर करा, कोण नाव ठेवतंय? प्रज्ञा तारीख पुढं ढकलू म्हणत होती. मुलाकडच्यांची सोय पाहून मीच नको म्हणाले. गावाच्या ग्रुपवर मेसेज टाकला, कार्यक्रम घरगुती होईल. हो, मोबाइलवरच. जाऊबाईंना फोन केला, ‘तुम्ही एवढ्यात कशाला त्रास घेता, आम्हीच पोरीला घेऊन येऊ.’ त्या बरं म्हणाल्या.

लग्न झालं. जेवण कमी पडलं नाही, उरलंही नाही, ठरवलेल्या पैशांतले चांगले निम्मे वाचले. आमच्या बाजूला खुर्च्यांच्या दोनच रांगा भरल्या. प्रज्ञा अधूनमधून दाराकडं बघत होती. मी तिकडं बघायचं टाळलं आणि वाढप्यांवर ओरडत राहिले.

परवा लाडवांचा डबा घेऊन केदारखेड्याला गेले. जाऊबाईंनी चहा टाकला. हॉल किती स्वस्तात पडला ते मी रंगवून सांगत होते. त्या मधेच म्हणाल्या, ‘त्या दिशी म्या चूल पेटवली न्हाई.’

मला कळेना.

‘त्यायनं पहिलं आवतन मलाच दिल्तं. टोपी घालून, उंबऱ्याच्या भायेर उभं राहून. म्हणे, नामदेवरावाच्या घराला चूलबंद आवतन हाये. म्या म्हणलं, घरातल्या घरात काय हे थेरं. तं म्हणे, तू बी पोरीची मायच हायेस, तुला पहिलं.’ त्यांनी चहा गाळला. ‘तुमचा फोन आल्ता, तुमचं बी खरं हाये. पण त्यायचा शब्द कसा मोडू? पांढरं लुगडं नेसून बसले दिवसभर.’

मी स्वतः नवरा गेलेली बाई. लेकीच्या लग्नात सगळ्यांच्या पुढं होते. नवरा गेला म्हणून बाईनं मागं राहायचं नसतं हे वर्गात पोरींना सांगते. आणि जावेला एका फोनवर घरी बसवलं. त्रास होईल म्हणून? छे. त्या निघाल्या असत्या तर त्यांच्यामागं गाव निघालं असतं, ते मला नको होतं. स्वतःची इतकी चीड मला आजवर आली नव्हती. भाऊजींचीही आली. असं काही करून ठेवलंय हे निदान सांगून तरी जायचं.

चहा तसाच ठेवून मी उठले, बाहेर गेले आणि उंबऱ्यापलीकडं उभी राहिले. शेजारी बघत होते, बघू देत. म्हणाले, ‘जाऊबाई, पुढच्या रविवारी पोरगी-जावई येताहेत. गावातल्या विहारापुढं जेवण आहे, तुमच्या घराला चूलबंद आवतन.’ वाचलेले पैसे होतेच, आणि पुरले नाहीत तर जिलेबी रद्द.

त्या उठल्या. मग पदर खोचला आणि चपला शोधू लागल्या. ‘चला,’ म्हणाल्या, ‘ते कोणाकोणाच्या दारात गेल्ते, मला सारं ठावं हाये.’ हे त्यांना विचारायचं मला एकदाही सुचलं नव्हतं.

पहिल्या दारात मी तोंड उघडणार तेवढ्यात त्याच पुढं झाल्या. ‘म्या प्रज्ञाची मोठी माय,’ सगळं गाव ओळखत असलेल्या त्या बाईनं सांगितलं, ‘पोरीच्या लग्नाचं आवतन द्यायला आले.’

मी मागं उभी राहिले.