गोळ्याच द्या

काज करण्यात मावशींचा हात धरणारं कोणी नव्हतं. शिंपी मास्तर गिऱ्हाइकाला कोट दाखवताना आधी मावशींनी हाताने केलेलं काज दाखवायचे. आणि त्याच हाताचं मधलं बोट सहा महिने झाले सुजून टम्म! सुई रेटायचं अंगुस्तान चढेना. कोपरावरचे खवले लांब बाहीखाली दडपता येतात, बोट कुठे दडवणार?

सोरायसिसच सांध्यांत उतरलाय, असं डॉक्टरीणबाईंचं निदान. आठवड्याला घ्यायच्या गोळ्या खाऊन झाल्या, बोट ढिम्म. आता वाटा दोन. एक, वेगळ्या गोळ्या, रोजच्या; घ्यायला सोप्या, पण झीज थांबेल याची खात्री कमी. दुसरी, पंधरवड्याला एक इंजेक्शन, घरीच पोटावर टोचायचं. झीज रोखण्यात ते सरस, पण बारीकसारीक जंतूही अंगाला लागायची भीती. शिवाय जुना क्षय दबून बसलेला असेल तर तो उठतो, म्हणून आधी रक्त आणि छातीचा फोटो. एक्स-रेत हाड कुरतडलेलं दिसत होतं, तेव्हा बाईंचं मत इंजेक्शनचं.

"गोळ्याच द्या," मावशी म्हणाल्या.

शेजारी बसलेले त्यांचे यजमान हसले. जन्म गेला सुईत, आणि आता सुईला घाबरते म्हणे! मावशींनीही हसून घेतलं. हसू कसलं डोंबलाचं, भीती सुईची नव्हतीच. लग्नाआधी त्यांना क्षय झाला होता. माहेरी कोणी ब्र काढला नाही. सासरी आल्या त्याच आठवड्यात सासूबाईंनी क्षय झालेल्या एका भाचीची कपबशी वेगळी काढलेली त्यांनी पाहिली, आणि तोंड शिवलं ते तीस वर्षं.

बाई म्हणाल्या, औषध काहीही ठरो, कागद तर भरू. मान खाली घालूनच त्यांनी विचारलं, "पूर्वी कधी क्षय?"

नाही म्हणावं, तर पुढेमागे इंजेक्शन जिवावर बेतायचं. हो म्हणावं, तर घरात कुठल्या तोंडाने वावरायचं? आणि गोळ्यांच्या आड लपावं, तर बोट जायचं, आणि बोटाबरोबर कामही.

"हो. लग्नाआधी. दीड वर्ष औषध घेतलं."

बरं झालं सांगितलंत, बाई म्हणाल्या. तपासू, लागलं तर आधी त्याची औषधं देऊ, मग इंजेक्शन. मावशींच्या कानात यातलं काही शिरत नव्हतं. शेजारी बघायची त्यांची छाती होईना.

यजमान हळू आवाजात म्हणाले, "म्हणून खोकला आला की तू गच्चीवर जायचीस?"