काकूंच्या मापट्याचे ग्रॅम

किचनमधले किस्से कुणी जमवत नाही, ते आपोआप साचतात. लालबागच्या आमच्या टिफिन-किचनमध्ये मी दीड वर्ष ऑर्डर आणि हिशेब बघतेय, आणि साचलेले बहुतेक किस्से सुनंदाकाकूंचे आहेत. वीस वर्षं इथला भात त्यांच्या हातचा होता. आता त्या आमच्याकडे नाहीत. कारण मी. तरी सांगते.

*

मालकीणबाई शिल्पाताईंनी मला काम दिलं, "तू बीएस्सी आहेस ना? काकूंची मापं किलोत लिहून काढ. ऑर्डरी वाढल्यात, सगळं त्यांच्या डोक्यात राहून कसं चालेल?"

मी वही घेऊन गेले. काकू पितळी मापट्याने तांदूळ काढत होत्या.

"काकू, एक मापटं म्हणजे किती?"

"एक मापटां म्हणजे एक मापटां!"

मी डिजिटल काटा पुढे केला. काकू मालवणच्या, लगेच म्हणाल्या, "तांदूळ काय सोनां आसा, ग्रॅमात मोजूक?"

*

पहिला घोळ माझाच. एक लिटरचा जग भरून तांदूळ घेतले, म्हणजे एक किलो झाले असं मी धरून चालले होते. काट्यावर आठशे तीस! काटा बिघडला म्हणून मी घाबरले. सेल बदलले. परत आठशे तीस.

काकूंनी शांतपणे लिटरची दुधाची पिशवी काट्यावर ठेवली. किलोहून थोडं जास्तच.

"काटो बरो आसा, बाय. तांदूळ म्हणजे पाणी न्हय. दाण्यादाण्यात हवा आसता."

बीएस्सीने वहीत लिहून घेतलं!

*

हवेचा धडा मी दोन दिवसांत विसरले. काकूंचा नियम, तांदळाच्या दुप्पट पाणी. त्या सुट्टीवर असताना मी दहा किलो तांदळाला काट्यावर मोजून वीस लिटर पाणी सांगितलं. दुप्पट मापट्याने करायचं होतं, वजनाने नाही! चार लिटर पाणी कमी पडलं.

वरळीच्या एका ऑफिसातून मेसेज आला, "उद्यापासून भातासोबत दाढदुखीची गोळी पाठवा."

काकू परत आल्यावर मी रडत सगळं सांगितलं. त्यांनी शिल्पाताईंना सांगितलं की नव्या पोत्यातला तांदूळ जुना निघाला, त्याला पाणी जास्त लागतं. माझं नाव घेतलंच नाही.

*

एकदा मी त्यांच्या नकळत त्यांची मापटी तोलत होते. चारशे चाळीस, चारशे चाळीस, आणि अचानक चारशे ऐंशी! तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली आणि मी दचकून वहीच तांदळात पाडली.

"काकू, आज जास्त का?"

"महिनाअखेर. पगार संपलो की डबो घेणारी पोरां भायेर खायनत नाय, भात जास्त खातत. म्हणान काठाच्या वर शीग लावून दितंय."

मी तासभर विचार केला, हे कुठल्या कॉलमात लिहू? शेवटी लिहिलंच नाही.

*

काकूंच्या मापांचा तक्ता छान झाला. लॅमिनेट करून भिंतीवर लावला. शिल्पाताई खूश, "वा! आता कुणीही भात लावेल!"

मी थँक्यू म्हणाले. चक्क थँक्यू! 'कुणीही'चा अर्थ मला पुढच्या आठवड्यात कळला, जेव्हा त्या काकूंना म्हणाल्या, "तुम्ही आता आराम करा."

मी तिथेच उभी होते. तक्त्यात महिनाअखेर नाही, एवढं तरी बोलायला हवं होतं. मी डबे मोजत राहिले.

*

परवा दुपारी काकूंचा फोन आला. आवाज अगदी दबका.

"बाय, परळाक एका किचनात काम मागूक इलंय. चाळीस माणसांक तांदूळ किती किलो, असा थंयच्या बाईन इचारल्यान. मी म्हटलंय, दाखवा तांदूळ, काढून दितंय. तर ती हसली गो. बाई आत गेलीहा, बेगीन सांग."

"चार किलो," मी म्हटलं.

"चार?"

"हो काकू."



"नक्की मा गो?" काकूंनी मला विचारलं.