पापणीचं ऑपरेशन आणि विम्याचा नकार

"टोसिस," डॉक्टर म्हणाले. पापणी उचलून धरणारा स्नायू सैल झाला की ती डोळ्यावर उतरते, त्याला टोसिस म्हणतात. माझी उजवी पापणी तशी उतरली होती. बरीच वर्षं कॉन्टॅक्ट लेन्स वापरल्यानं असं होऊ शकतं, पण खात्रीनं सांगता येत नाही, असंही ते म्हणाले. मी ऐकून घेतलं. घाबरले नाही, रडूही आलं नाही. काहीच वाटलं नाही.

"बघायला त्रास होतो का?" त्यांनी विचारलं.

उत्तर आईनं दिलं. "न्हाई न्हाई, दिसतंय की तिला चांगलं. फोटोतच डोळा झोपल्यावानी यायलाय. उमरग्याचं स्थळ आलंय सायेब, त्याच्या आत होऊ द्या."

डॉक्टरांनी तसंच लिहून घेतलं. खरं तर ऑफिसात दुपारनंतर स्क्रीनवरच्या वरच्या ओळी वाचायला मी बोटानं पापणी उचलत असे. कलबुर्गीच्या स्टँडवर आळंदच्या बसची पाटी वाचायला हनुवटी वर करावी लागे. त्यामुळे ऑफिसातल्या मुली मला शिष्ट समजत. मी त्यांना काही सांगितलं नव्हतं, आणि घरीही नाही.

माझ्या नोकरीबरोबर आरोग्य विमा होता. हॉस्पिटलनं आधी मंजुरी मागितली. नकार आला. विम्याच्या खिडकीवरच्या बाईंनी समजावलं, "मॅडम, कागदावर फोटो आणि लग्न एवढंच आहे. म्हणजे कॉस्मेटिक झालं. दिसणं सुधारायच्या ऑपरेशनला तुमची पॉलिसी पैसे देत नाही. अपघात, भाजणं, कॅन्सर यानंतरची दुरुस्ती असेल, किंवा डॉक्टरांनी तब्येतीसाठी गरजेचं म्हटलं असेल, तरच बघतात." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "तुम्हाला खरंच काही त्रास नाही?"

मी म्हटलं, "डॉक्टरांना विचारते." आणि विचारलं नाही.

घरी वडील, आमचे अप्पा, म्हणाले, "शेतातल्या बोअरसाठी पैसे ठेवलेत ते भरू. बोअर पुढच्या साली."

आई मोकळी झाली. "बरंच झालं. विम्याच्या कागदावर डोळ्याचा आजार कशाला पायजे? उद्या पाव्हण्यांच्या कानावर गेलं म्हंजे?"

"तू काय म्हणायलीस, अक्का?" अप्पांनी विचारलं. थोरली म्हणून ते मला अक्का म्हणतात.

"चालतंय," मी म्हणाले.

पुढच्या खेपेला ऑपरेशनआधीचे फोटो काढायचे होते. हनुवटी खाली घ्या, भुवई सैल सोडा, असं डॉक्टर सांगत होते. मला ते जमेना, सवयीनं दोन्ही वरच जात. शेवटी त्यांनीच माझी हनुवटी खाली केली आणि अंगठ्यानं भुवई दाबून धरली. पापणी खाली आली. डावा डोळा झाकायला लावला, तेव्हा खोलीचा वरचा भाग दिसेनासा झाला.

"माझा हात दिसतोय?"

"नाही."

"रोज असंच?"

आई मागं उभी होती. या वेळी उत्तर मी दिलं. मी बसची पाटी सांगितली, स्क्रीन सांगितली, पापणीखाली धरलेलं बोट सांगितलं. एवढं मी कुणाशी सलग बोलले नव्हते.

डॉक्टर आईकडं वळले. "अम्मा, हे आधी सांगायचं ना! नव्यानं लिहितो. पण तपासणी लागेल, आणि तो रिपोर्ट विमा कंपनीकडं जाईल."

आई माझ्याकडं बघत होती. "कामून सांगितली न्हाईस गं? मला वाटायचं, पाव्हण्यांपुढं मुद्दाम तोंड वर करून बसायलीस. किती बोलले मी तुला." मग डॉक्टरांना म्हणाली, "लिहा सायेब. जे हाय ते लिहा."

तपासणीचं नाव व्हिज्युअल फील्ड टेस्ट. मशीनमध्ये समोर नजर ठेवायची आणि कुठंही ठिपका चमकला की बटण दाबायचं. एकदा पापणी आहे तशी ठेवून, एकदा चिकटपट्टीनं वर चिकटवून. दोन्हींतला फरक कागदावर उमटला. ते पाहूनही मला काही वाटलं नाही. वेटिंग हॉलमध्ये आई शेंगा सोलत होती, नर्सनं टरफलांवरून टोकलं.

मंजुरी आली. हातमोज्यांसारख्या काही वस्तूंचे पैसे आम्हालाच भरावे लागले.

तुमच्यावर अशी वेळ आली तर डॉक्टरांच्या प्रश्नाचं उत्तर स्वतः द्या. काय करता येत नाही ते नेमकं सांगा. पण नसलेला त्रास सांगू नका. तपासण्या आणि मंजुरी ऑपरेशनआधी घ्या. व्यंग जन्मतः असेल तर नियम वेगळे असू शकतात, आपली पॉलिसी वाचून बघा.

ऑपरेशन फक्त डोळ्याभोवतीची जागा बधिर करून झालं. दोन्ही पापण्या सारख्या आल्यात का बघायला मधेच उठवून बसवलं आणि डोळे उघडा, मिटा म्हणाले. तेव्हा बधिर जागा आणि बाकीची मी यांत फारसा फरक नव्हता.

ऑपरेशननंतर सुरुवातीला डोळा पूर्ण मिटत नाही. दुपारी पडले की आई म्हणते, "झोपेतबी पहारा द्यायलीस व्हय? कुणी नेतंय का तुझं सोनं?"

उमरग्याला आईनंच फोन केला. माझ्यासमोर, स्पीकर लावून. "पोरीच्या डोळ्याचं ऑपरेशन झालंय. दिसत नव्हतं नीट, आता दिसतंय." कळवतो, असं तिकडून म्हणाले. अजून कळवलं नाही.

आमच्यात आईचे आभार मानत नाहीत. ती रोज माझ्या डोळ्यात औषधाचे थेंब टाकते. मी डोळा उघडा ठेवते, थेंब पडेपर्यंत.