टांग्याचा तोल

"सरका, जरा पुढं सरका."

टांग्यात पाय ठेवणाऱ्याला टांगेवाल्या चाचांचे हे पहिले शब्द. मग ते खाली उतरून मान वाकडी करून घोड्याच्या दोन्ही अंगांच्या दांड्यांकडे बघत आणि एखाद्या भारदस्त वकिलालाही मागून उठवून पुढं बसवत. वकील रागावलाच, तर म्हणत, "साहेब, तुमचा मान मोठा, पण वजन बी मोठं हाये."

ही तीस-पस्तीस सालच्या सुमाराची गोष्ट. मी पंचवटीतून रविवार कारंज्यावर फुलं विकायला जायचो. माझ्या पाट्या टांग्यात कुठं ठेवायच्या, तेही चाचाच ठरवत. मागं भार जास्त झाला की टांगा उलाळ होतो, दांड्या वर उठतात आणि पोटाखालचा पट्टा घोड्यालाच उचलू लागतो. "पाय टेकलेच नाय, तर बिचारा ओढंल कशानं?" चाचा विचारत. मी रोज ऐकायचो आणि रोज हसायचो. रोज तेच ऐकवणारा असा एखादा तुमच्याही ओळखीचा असेल.

एका दुपारी माझ्या बायकोला दिवस भरण्याआधीच कळा सुरू झाल्या. पहिलं मूल आम्ही असंच घरी गमावलं होतं. सुईण म्हणाली, "दवाखान्यात न्या." चाचांनी मागं गोधड्या घालून तिला टेकवून बसवलं. शेजारी सुईण बसली. मी बायकोचा हात धरून मागच्या पायरीवर उभा राहिलो.

होळकर पूल ओलांडला, चढ लागला आणि दांड्या उठल्या. घोडा जागच्या जागी खूर घासू लागला.

"दादा, पुढं या!" चाचा ओरडले.

"हिचा हात सोडवत नाही हो, चाचा."

"हात मग धरा. आधी वजन पुढं द्या!"

मी पुढं जाऊन बसलो. चाचा स्वतः खाली उतरले आणि दांडीवर सगळं अंग टाकून घोड्याबरोबर चालू लागले. घोड्याचे खूर टेकले. टांगा हलला.

मुलगी झाली. दोघी वाचल्या. मी पाया पडायला वाकलो, तर चाचा म्हणाले, "घोड्याला हरभरा चारा. ओढलं त्यानं." त्यांच्या छातीवर दांडीचा वळ उठला होता. ते उपकार मी जन्मात विसरणार नाही.

पुढं पोरगी दिसली की चाचा तिला मागं बसवत आणि दांड्यांकडे बघत. "अजून हालत नाय. टांगा झुकला की सांगीन, लेक मोठी झाली." ती खिशात दगड भरून बसायची. "खिसे रिकामे कर, बेटी," चाचा न बघताच म्हणत.

ती सासरी निघाली तेव्हा दारात दुसऱ्याच कुणाचा टांगा होता. चाचा त्याआधीच गेले होते. ती मागं बसली आणि दांड्या किंचित उठल्या. मी मान वाकडी करून बघत होतो.

"झुकला, चाचा," मी म्हणालो. "लेक मोठी झाली."