भरतीची बाटली

अठ्ठावन्नाव्या वर्षी मी जेवढी शहाणी होते, तेवढी नंतर कधीच झाले नाही. चिकलठाण्याकडच्या एका प्रयोगशाळेत तीस वर्षं पाण्याचे नमुने तपासून नुकतीच निवृत्त झालेली बाई. पर्समध्ये दोन चष्मे, आणि पाण्यातलं आपल्याशिवाय कुणाला काही कळत नाही ही खात्री. आता सत्तरीत त्या बाईची आठवण झाली की हसू येतं. थोडी लाजही वाटते, पण ते नातवंडांना सांगत नाय.

तर ही बाई लेकीकडं कोकणात गेली. लेकीचं सासर खाडीच्या तोंडाशी. विहीणबाई आणि वाडीतल्या बायका ओहोटीला चिखलात उतरून तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, काढायच्या आणि बाजारात विकायच्या. त्या वर्षी शेजारच्या नव्या रिसॉर्टनं सांडपाण्याचा पाइप गुपचूप खाडीत सोडला. तिसऱ्या खाऊन दोन-चार घरांत जुलाब झाले आणि गिऱ्हाईक टोपलीकडं बघेना. पाण्यात घाण आहे असा कागद मिळाला तर पाइप बंद होणार होता, नाहीतर विहीणबाईंचा धंदा गेलाच. पंचायतीला नमुना घ्यायला जाणकार माणूस पाहिजे होतं. जावई म्हणाले, "आमच्या सासूबाई आहेत की." मी नको म्हणाले नाही. तशी सवयच नव्हती त्या बाईला.

विहीणबाई म्हणाल्या, "मी येते सोबत. जागा दाखवते, वेळ पण सांगते."

"वेळ काय सांगायची त्यात? समुद्र कुठं पळून चाललाय?"

त्या टोपली उचलून आत गेल्या. समोरच्यानं वाद सोडला की आपण जिंकलो, असं मला तेव्हा वाटायचं.

दुसऱ्या दिवशी दहाला, म्हणजे ऑफिसच्या टायमाला, मी निर्जंतुक बाटली, बर्फाचा डबा आणि स्पिरिटचा दिवा घेऊन धक्क्यावर हजर. दिवा नळाचं तोंड शेकून जंतू मारायला लागतो. समुद्राला नळ नसतो, हे धक्क्यावर पोचल्यावर लक्षात आलं. दिवा पदराखाली घेतला. समोर खाडी काठोकाठ भरलेली. आमच्या शहरात नळाला पाणी यायची दिवस मोजून वाट बघावी लागते. तिथल्या बाईला एवढं पाणी दिसल्यावर एकच सुचतं, आलंय तोवर भरून घ्या. मी भरून घेतलं. चिठ्ठीवर वेळ लिहिली आणि खाली झोकात सही ठोकली.

बाटली जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत गेली आणि माझी चिठ्ठी जोडून अहवाल आला. पाणी चांगलं.

रिसॉर्टच्या मालकानं त्याची प्रत फ्रेम करून काउंटरवर लावली, माझ्या सहीसकट. वाडीतल्या बायका रस्त्यात दिसल्या की माझ्याकडं न बघता पुढं जायला लागल्या.

विहीणबाईंनी मात्र चहा दिला आणि विचारलं, "त्या दिवशी तिथी कुठली होती?"

"त्रयोदशी. प्रदोष होता ना माझा, भगर तुम्हीच तर केली."

"तेराची पाऊणपट किती?"

"पावणेदहा."

"तेवढ्याला भरती. अख्खा समुद्र आत शिरलेला असतो, त्यात पाइपाची घाण कुठं सापडणार? आमच्याकडं शाळेतलं पोर सांगतं हे तिथीवरनं."

वर्षानुवर्षं त्रयोदशी उपाशीपोटी काढलेली बाई मी. त्या तिथीचं महादेवाखेरीज आणखी कुणाशी काही काम असेल, हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं.

पुढच्या द्वितीयेला, म्हणजे दोनाची पाऊणपट दीडला भरती आणि त्यानंतर सहा तासांनी ओहोटी, असा हिशेब करून सकाळी साडेसातला त्यांनी मला चिखलात उतरवलं. गुडघ्यापर्यंत रुतले. आधी वास आला, मग उघडा पडलेला पाइप दिसला.

"साडी वर घ्या, विहीणबाई," त्या मला म्हणाल्या. "ऑफिस नाही हे."

यावेळचा अहवाल जसा यायला पाहिजे होता तसा आला.

ग्रामसभेत मालक फ्रेम बगलेत मारूनच आला. "दोन्हीवर याच बाईंची सही आहे. खरी कुठली मानायची?"

मागनं कुणीतरी म्हणालं, "पहिल्या वेळी प्रयोगशाळेत घोळ झाला असेल." ही पळवाट मला लई आवडली, पाचेक सेकंद. मग विहीणबाई माझ्याकडं बघताना दिसल्या.

उठून म्हणाले, "दोन्ही सह्या माझ्याच. प्रयोगशाळेत काही घोळ नाय. पहिली बाटली मी ऐन भरतीला भरली, कारण मला भरती कळत नव्हती. माझा तीस वर्षांचा अनुभव नळाचा आहे."

सगळे हसले. सगळ्यात जास्त जावई.

ठराव झाला की यापुढं दर महिन्याला नमुना ओहोटीलाच घ्यायचा, आणि तो विहीणबाईंनी घ्यायचा. मालक पहिला कागद नाचवत राहिला, म्हणून पाइप बंद व्हायला पुढचा पावसाळा उलटला. माझ्या एका झोकदार सहीनं विहीणबाईंचा अख्खा हंगाम खाल्ला. त्यांनी ते कधी बोलून दाखवलं नाही, म्हणून मी लिहून ठेवते.

आता दर महिन्याला द्वितीयेला मी इथं चिकलठाण्यात कॅलेंडरसमोर उभी राहते, बोटांवर पाऊणपट करते आणि फोन लावते. "विहीणबाई, आज साडेसातला ओहोटी बरं का."

पलीकडं चिखल पचपचत असतो.

"व्हय," त्या माझ्याच बोलीची नक्कल करतात, "बाटलीच भरतेय मी. तुमच्या नळाला आलं का पाणी?"