चौघींचा एकच वाढदिवस

रामटेके सर आमच्या शाळेचे मुख्याध्यापक. पण गावाबाहेरच्या कोणी त्यांना पहिल्यांदा पाहिलं असेल ना, तर गुडघाभर चिखलातच पाहिलं असेल. खरंच सांगते! रोवण्याच्या दिवसांत, म्हणजे धान लावायच्या दिवसांत, आमच्याकडे शाळेत पोरी दिसतच नाहीत. सगळ्या आपापल्या आईसोबत चिखलाने भरलेल्या धानाच्या बांधीत वाकलेल्या. अन् खो-खोच्या स्पर्धा नेमक्या त्याच्या नंतर. मग सर सकाळी सातला पँट दुमडून बांधावर हजर. "मावशी, घंटाभर माहे हात घ्या अन् तुमची पोरगी मले द्या." पोरगी मैदानावर, अन् सर तिच्या जागी रोवण्यात. मैदान शेताला लागूनच होतं, म्हणून शिट्टी तोंडात ठेवूनच वाकायचे. तिथूनच शिट्टी, तिथूनच ओरडणं.

रोवता त्यांना अजिबात येत नव्हतं. आमच्या टीममधल्या प्रणालीची आई एकदा म्हणाली, "काय जी सर, तुमची ओळ पाहून बगळे हासून राहिले." सर मान वर न करता बोलले, "हासू द्या. बगळ्याईले खो देता येते का?" सगळ्या बायका काम सोडून हसत बसल्या. सर गेले की ती ओळ उपटून त्या परत लावायच्या. हे सरांना कोणी कधीच सांगितलं नाही.

आमचं गाव आंधळगावच्या रस्त्यावरून फाट्याने आत. जिल्हा परिषदेची शाळा, पहिली ते आठवी. शिकवायला सर अन् ठवकर बाई, दोघंच. खेळायजोग्या मुली मोजून तेरा. सर म्हणायचे, "तेरा म्हणजे बाराची टीम अन् वर एक. श्रीमंत आहो आपण!" खो-खोत पाठलाग करणाऱ्या टीमच्या आठ जणी ओळीत उकिडव्या बसतात अन् मागून खो मिळाला की उठून पळतात. आम्ही उठायला जराही वेळ लावला की सरांचं ठरलेलं वाक्य यायचं, "खो भेटल्यावर जो विचार करते ना, तो जन्मभर बसूनच राहाते!" हरून रडत बसलो तर, "शिट्टीच्या आत रडाचं नाही अन् शिट्टीच्या बाहेर भांडाचं नाही." मी टीममधली सगळ्यात मंद. मला म्हणायचे, "सोनू, तू पळू नको, तू फक्त कोनाच्या आड येऊ नको." मला राग यायचा. पण खरंच होतं ते.

अन् प्रणाली! ती खांबाजवळ अशी झेपावायची की धावणारीला कळायचंच नाही आपण कधी बाद झालो. तालुक्याला आम्ही जिंकलो ते तिच्यामुळे. तिथे बाहेरगावचे एक प्रशिक्षक आले होते. खेळाडू मुलींच्या सरकारी वसतिगृहात शिकवायचे ते. त्यांनी सरांना बाजूला घेऊन सांगितलं, ही पोरगी विभागाच्या स्पर्धेत खेळताना दिसू द्या, मी घेतो. विभागाला जायचं तर जिल्हा जिंकायला पाहिजे. प्रणालीच्या घरी आठवीनंतर शिकवायचा विषयच नव्हता, मोठ्या दोघी बहिणी तशाच घरी बसलेल्या. म्हणजे तिच्यासाठी तेवढा एकच दरवाजा होता, अन् तिला माहीत होतं. सरांनाही माहीत होतं. महिनाभर ते घरी फक्त झोपायला जायचे.

भंडाऱ्याला जिल्ह्याची स्पर्धा. उपांत्य सामना आम्ही डावाने मारला! मी नाचत होते मैदानावर. अन् फायनलच्या आधी समोरच्या शाळेच्या सरांनी तक्रार टाकली. चौदा वर्षांखालच्या गटात मोठ्या मुली खेळवता म्हणे. टेबलावर बसलेल्या क्रीडा खात्याच्या साहेबांनी आमच्या शाळेचे दाखले मागवले. एक पाहिला, दुसरा पाहिला, मग चार दाखले ओळीत मांडले अन् चष्मा काढला.

"सर, या चौघी जुळ्या आहेत का?"

चौघींची जन्मतारीख एकच. एकच दिवस, एकच महिना, एकच साल. आम्ही फिदीफिदी हसलो, आम्हाला काय माहीत. त्या तारखेने चौघी मागच्याच आठवड्यात चौदाच्या झाल्या होत्या. बाद. त्यात प्रणाली.

झालं होतं असं. त्या पहिलीत आल्या त्या वर्षी पोरं कमी पडत होती. पट भरला नाही तर बाईंची जागा जाणार होती. या चौघी घरीच जन्मलेल्या, जन्माचा दाखला कुणाकडे नाही, अन् सहा वर्षांच्या व्हायला दोन-तीन महिने कमी. सरांनी अंदाजाने मागची तारीख टाकली. नडायला नको म्हणून चांगली आठ महिने मागची, अन् चौघींना एकच. प्रणालीचा जन्म खरा रोवण्यातला. खऱ्या वयाने ती आरामात बसत होती!

ठवकर बाई सरांच्या कानाशी लागल्या. "सर, लिहिताना चूक झाली म्हना. रजिस्टर आपल्याकडेच आहे." साहेबही वाईट नव्हते. ते म्हणाले, "आज या चौघींशिवाय खेळा. उद्या सकाळपर्यंत रजिस्टरचा दुरुस्त उतारा आणा, फायनल परत घेता येते का मी बघतो." म्हणजे रस्ता होता. अगदी समोर होता.

सरांनी कागद मागितला अन् तिथेच उभ्या उभ्या लिहून दिलं: पट भरावा म्हणून या तारखा मी मनाने टाकल्या, मुलींचं खरं वय कमी आहे, त्यांना खेळू द्यावं. सही केली अन् आमच्याकडे पाहून हसले. "बूट बांधा गं."

साहेबांनी कागद दोनदा वाचला. "सर, हे कायले लिहिलं? आता हे मले वर पाठवा लागन, तोवर या चौघी बाहेरच."

तेरातून चार गेल्या, नऊ राहिल्या. खो-खोला मैदानात नऊच लागतात, म्हणून आम्ही खेळलो. मीसुद्धा. माझा जन्म दवाखान्यातला, माझी तारीख खरी. प्रणाली रेषेबाहेर बूट बांधून बसली होती, शेवटपर्यंत तशीच. आम्ही इतक्या वाईट हरलो की समोरच्या मुलींनी टाळ्यापण हळूच वाजवल्या.

मग चौकशी. जुनी रजिस्टरं गाडीत घालून नेली. पुढच्या जूनला आमची शाळा बंद करून जवळच्या मोठ्या गावच्या शाळेत टाकली, तिथे खो-खो नाही. सर चौकशी चालू असतानाच रिटायर झाले. निरोप समारंभ कोणी केला नाही, करायला शाळाच नव्हती. प्रणाली आठवीनंतर घरी बसली, आता साकोलीला साड्यांच्या दुकानात आहे.

सरांना लकवा झाला तेव्हा मी भंडाऱ्याजवळच्या शहापूरला त्यांच्या घरी गेले होते. एक हात चालत नव्हता. मी विचारलंच, "सर, दुरुस्त उतारा काहून नाही आनला? तारीख तर खरीच लिहिली असती ना तुमी."

सरांनी चालत्या हाताने चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाले, "लोक म्हनतात सर खरं बोलले. मी काही सत्यासाठी नाही बोललो, सोनू. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत सामना होऊन गेला असता, मंग कोन परत खेळवते. मले आत्ताच प्रणाली मैदानात पाहिजे होती. वाटलं, खरं सांगितलं का लगेच खेळू देतीन." अन् म्हणाले, "विचार नाही केला न मी."

मी चहा पिऊन निघाले.

या हिवाळ्यात सर गेले. शोकसभा मोठ्या गावच्या शाळेत झाली. सरपंच म्हणाले, "सरांनी शाळा गमावली, पण सत्याची साथ सोडली नाही." टाळ्या वाजल्या. शोकसभेत टाळ्या! माझ्या बाजूला प्रणाली होती, दुकानातून अर्धी सुट्टी घेऊन आलेली. ती हळूच म्हणाली, "सत्य धरलं सरांनी, अन् मले सोडलं."

मला सगळं माहीत होतं. ते कशासाठी घाईत होते, कोणासाठी होते. सांगायचं होतं तिला, तोंडापर्यंत आलं होतं, अन् तेवढ्यात माझं नाव पुकारलं. कॉलेजात शिकते म्हणून मीच बोलायचं असं ठरलं होतं. मी माईकसमोर उभी राहिले अन् म्हणाले, "सर खूप चांगले होते." एवढंच. खाली आले तर प्रणालीची खुर्ची रिकामी होती. साकोलीची बस तीनची, तिला दुकानात परत जायचं होतं.