तिच्या टेबलाला ओलांडून जाणारा फोन

माझ्या वर्गात तिला सगळे 'पणका' म्हणायचे. फळ्यावर गणित सोडवून झालं की ही हात वर करायची, "पण का, बाई?" तिच्या वडिलांचं शिवणकामाचं दुकान होतं. मुलीला कॉम्प्युटरच्या शिक्षणाला घाला म्हणून मीच त्यांच्या मागे लागले होते. गळ्यातली टेप चाचपत ते म्हणाले होते, "बाई, तुम्ही म्हणताय म्हणून."

आता ती एका मोठ्या हॉस्पिटलच्या कॉम्प्युटर विभागात आहे. रिपोर्ट, औषधं, ऑपरेशनच्या वेळा ज्या यंत्रणेवर चालतात, ती चालू ठेवायचं काम सहा जणांचं. पाच पुरुष आणि ही. तिथे कोपरा उडालेला एक जुना मोबाइल आहे. काही बंद पडलं की वॉर्डातून त्यावर फोन येतो. दर सोमवारी सकाळी तो एका टेबलावरून शेजारच्या टेबलावर जातो. ज्याच्याकडे फोन, त्याचा तो आठवडा.

बाळंतपणानंतर ती कामावर परतली आणि फोन घ्यायची तिची पाळी आली, तेव्हा विभागाच्या वरच्या साहेबांनी तो उचलून पुढच्या टेबलावर ठेवला. "बाळ लहान आहे, तुम्हाला कशाला ताप." तिने मनापासून त्यांचे आभार मानले. मला हे सांगताना तिची मान खाली होती.

दोन वर्षं फोन तिला ओलांडून जात राहिला. यंदा विभागप्रमुखाची जागा निघाली आणि तिने अर्ज केला. साहेब अवघडून म्हणाले, "काम तुमचं चोख आहे हो. पण अडचणीच्या वेळी तुम्ही कधी होतात कुठे?"

"मग या सोमवारी फोन मला द्या," ती म्हणाली. मुलाखत त्याच्या पुढच्या आठवड्यात, मंगळवारी होती.

सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे आता दोन पोरं. एक रडणारं, एक वाजणारं." नवरा हसला, पण आठवडाभर मुलाला मी बघतो म्हणाला आणि त्याने खरोखर बघितलं.

फोन ओट्यावर, उशाशी, आंघोळीला जाताना दाराबाहेरच्या स्टुलावर. आठवडाभर तो वाजलाच नाही.

पुढच्या सोमवारी शेजारच्या टेबलावरचा उंच माणूस डोळे चोळत आला. त्याला सगळे उंटभाऊ म्हणतात. "काय आठवडा गेला. चार कॉल," तो बोलून गेला आणि त्याने जीभ चावली. ती पहिल्या दिवशी जेवायला गेली असताना त्याने त्या फोनचे कॉल आपल्या नंबरवर वळवून ठेवले होते.

"अहो, बाळाची झोपमोड नको म्हणून."

"मी मागून घेतला होता फोन."

"तुम्ही आपल्या बोलायचं म्हणून बोललात, असं वाटलं आम्हाला."

"आम्हाला?"

बाकीचे चौघे आपापल्या पडद्याकडे बघत राहिले.

मुलाखतीत नोंदी समोर आल्या. चार कॉल, चारही उंटभाऊंनी घेतलेले. तिने खरं ते सांगितलं. त्याचीही त्याच जागेसाठी मुलाखत होती; त्यानेही कबूल केलं, हे त्याच्याबद्दल सांगायलाच हवं. साहेब म्हणाले, "हेतू चांगला होता त्याचा." प्रमुखाची जागा उंटभाऊंना मिळाली.

त्याच दुपारी तिने वळवलेले कॉल स्वतः पूर्ववत केले आणि आपला आठवडा नसताना फोन पर्समध्ये टाकला.

रविवारी ती मुलाला घेऊन माझ्याकडे आली. फोन चहाच्या कपाशेजारी ठेवला. "सोडून द्यावंसं वाटतं, बाई. पण दुसरीकडेही असलाच एखादा फोन असेल."

मुलींना शिकवा म्हणून मी घरोघर फिरले. शिकून त्या ज्या टेबलाशी बसतात, तिथे काय चालतं हे मी कधी विचारलंच नव्हतं.

तेवढ्यात फोन वाजला. तिने मुलाला माझ्या मांडीवर ठेवलं.

"बोला. हो, मीच. कुठला वॉर्ड?" एका हाताने ती पिशवीतून लॅपटॉप काढत होती.

मूल रडायला लागलं. तिने एकदा आमच्याकडे पाहिलं. मी त्याला उचलून आतल्या खोलीत नेलं आणि दार लोटून घेतलं.